कपाटातला नवरा

लॉर्ना टिबेट्सचा नवरा म्हणून माझी नेमणूक झाली ती एका फोटोमुळे. ती तेव्हा ओक्लाहोमातल्या एका छावणीत लष्कराचे ट्रक दुरुस्त करायची. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईला त्या काळी लष्करातून हाकलत, आणि हाकलण्याआधी तिचं कपाट उचकत. म्हणून जत्रेत माझ्या खांद्यावर हात टाकून तिनं फोटो काढला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी तिचा जुना मित्र, शाळेत लॅटिन शिकवायचो. बायकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणं मला आजही जमत नाही, तरी छावणीभर मी ‘लॉर्नाचा तो’ म्हणून गाजलो.

पुढे तिनं लष्कर सोडलं, कायदे बदलले, रोसाल्बाशी तिनं रीतसर लग्न केलं. त्या लग्नात केक मीच वाढला. पण माजी सैनिकांच्या दवाखान्यात जायचं म्हटलं की बोलावणं अजून मलाच येतं.

“रोसाल्बा आहे की,” मी एकदा म्हणालो.

“ती गाडीत बसेल. तिथं शिरले की माझं तोंड आपोआप खोटं बोलतं, त्याला मी काय करू? तू फक्त गप बस. तेवढं तुला जमतं.”

या वेळचं दुखणं मात्र गप बसण्यासारखं नव्हतं. पाळी जाऊन दहा वर्षं झाली होती आणि लॉर्नाला पुन्हा रक्त जात होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही. रोसाल्बानं चादर पाहिली आणि आम्हा दोघांना गाडीत कोंबलं.

दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसानं माझाच हात हातात घेतला. “देशसेवेबद्दल आभार, साहेब. कुठल्या तुकडीत होता?”

“व्याकरणाच्या,” लॉर्ना म्हणाली.

डॉक्टर तरुण होता. “हे यजमान का?”

“हो, साहेब.” लॉर्ना ताठ बसली होती.

त्याचा चेहरा उजळला. या वयात कोरडेपणा येतो, संबंधाच्या वेळी ओरखडे पडतात, थोडं रक्त जातं; मलम देतो. मग आवाज खाली आणून तो मला म्हणाला, “आणि काका, तुम्हीही जरा बेतानं घ्या.”

असा आरोप माझ्यावर उभ्या आयुष्यात कुणी केला नव्हता. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरंही वाटलं. मग दिसलं की तपासणी न करताच तो उठतोय. माझ्या नसलेल्या पराक्रमावर खापर फोडून प्रकरण मिटलं होतं, आणि लॉर्ना “ठीक आहे, साहेब” म्हणत पर्स उचलत होती.

“मी नाही,” मी म्हणालो.

“काय नाही?”

“मी यांना कधी हात लावलेला नाही. एकदाच, जत्रेत. तेही फोटोपुरता.”

लॉर्नानं माझ्या नडगीवर लाथ घातली. “म्हातारा भ्रमिष्ट आहे, लक्ष देऊ नका.”

“यांची बायको खाली गाडीत आहे,” एवढं बोलून मी लंगडत पळालो.

रोसाल्बा गाडीत सूर्यफुलाच्या बिया फोडत होती. “काय झालं?”

“मी नवरेपणाचा राजीनामा दिला.”

“बरं केलंस. तसाही तू कामाचा नव्हतास.” पण जिना ती धावतच चढली, मागून मी लंगडत.

डॉक्टर लाल झाला होता. “गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी शेवटची कधी केली होती?”

लॉर्ना जमिनीकडे बघत होती. “लष्कर सोडल्यावर एका डॉक्टरला एकदाच खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, तुमच्या आयुष्यात पुरुष नाही ना, मग तुम्हाला ही तपासणी लागत नाही.”

“हे कधीचं?”

“याच्या डोक्यावर केस होते तेव्हाचं.”

“आणि मला दर वर्षी सांगायचीस, करून आले म्हणून!” रोसाल्बाचा आवाज फाटला.

“ओरड नंतर. मला भीती वाटतेय, रोसा.”

डॉक्टर पुन्हा खाली बसला. “त्यांनी चुकीचं सांगितलं. आणि आत्ता मीही. आज सगळं तपासू, आतल्या अस्तराचा बारीक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवू.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “यजमान... म्हणजे, तुम्ही बाहेर थांबा.”

मी बाहेर बसलो. थोड्या वेळानं दाराआडून लॉर्ना गरजली, “अहो, हात बर्फात ठेवून आलात का?”

“गप पड,” रोसाल्बाचा आवाज.

“पडलेयच की!”

मी नडगी चोळत दाराकडे बघत राहिलो.