दाराशी वजन

कंटेनर जमिनीपासून हातभर वर उचलला गेला आणि दाराकडच्या टोकाला झुकला. क्रेनचा भोंगा वाजला. पुन्हा खाली, पुन्हा वर, पुन्हा तेच. शेवटी क्रेन चालवणाऱ्या ऐसुलूने तो अलगद जमिनीवर टेकवला, चारही कोपऱ्यांचे खटके सोडले, आणि वरच्या केबिनमधून तिचा आवाज कर्ण्यावर आला, "हा मी नेणार नाही. गाडी वळणावर गेली की कलंडेल."

खाली नाझीपाने टेकलेल्या कंटेनरकडे पाहिलं. कझाकस्तान-चीन सरहद्दीवरच्या दोस्तिक स्टेशनच्या यार्डात तिची आठ जणांची टोळी वीस वर्षं पाठीवरून माल वाहत होती. इकडच्या रुंद रुळांवरच्या वाघिणीतून काढायचा आणि चीनकडच्या अरुंद रुळांवरच्या वाघिणीत भरायचा. एका गाडीला तीन-तीन दिवस लागत. कंटेनर आले आणि क्रेन तेच काम चार तासांत उरकू लागली. टोळीला उरलं ते एवढंच, गवताळ मुलखातून सुटा येणारा माल कंटेनरमध्ये रचून द्यायचा. तेही काम अजून पदरात पडलेलं नव्हतं. माल पाठवणाऱ्या साग्दातने कातडी-लोकरीचा एक कंटेनर भरायला देऊन पाहिला होता. तो आजच्या गाडीवर चढला तर काम टोळीचं. नाही तर तो अल्माटीहून माणसं आणणार होता.

"पोरीला क्रेन येत नाही, दुसरं काय," म्हातारा ओरिन्बाय म्हणाला. टोळीत सगळे त्याला अक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, म्हणत.

"ऐकू येतंय हं, अक्साकाल!" कर्णा गरजला. "उंटावरसुद्धा ओझं दोन्हीकडे सारखं लादतात!"

टोळीतलेच दोघे फिसकन हसले. साग्दात हसला नाही. त्याने घड्याळ पाहिलं. "आपा, गाडी चारला सुटते. त्याआधीच खिंडीतून रोजचा वारा उठेल आणि क्रेन बंद होईल. मी काय करू, तुम्हीच सांगा."

नाझीपाने कंटेनरला एक फेरी घातली. चारही कोपऱ्यांना तीच लोखंडी भोकं, जगातल्या कुठल्याही बंदरात कुठल्याही क्रेनला पकडता येतील अशी. लोखंडात खोट नव्हती. मग तिची नजर पलीकडच्या रुळांवर रिकाम्या उभ्या असलेल्या वाघिणीवर गेली, आणि ती जागच्या जागी थांबली.

"दार," ती म्हणाली.

"दाराचं काय?"

"वाघिणीचं दार पोटात असतं, अक्साकाल. याचं टोकाला आहे. वीस वर्षं मी ओरडत आले, जड माल दाराशी, जड माल दाराशी. वाघिणीत दाराशी म्हणजे मधोमध. इथे आपण सगळी कातडी एका टोकाला नेऊन रचली आणि आतल्या टोकाला नुसती लोकर."

ओरिन्बायने एकदा वाघिणीकडे पाहिलं, एकदा कंटेनरकडे.

"हुकूम माझा होता. चूक माझी," ती शांतपणे म्हणाली. "साग्दात, दाराचं सील तोडा."

"आपा, उद्या बघू..."

"उद्या अल्माटीची माणसं येतील. तोडा."

ओरिन्बाय कण्हला, "सगळं बाहेर काढायचं?"

"सगळं कशाला? कातडी सगळी बाहेर आणि लोकर निम्मी. मग कातडी मधे, आणि काढलेली लोकर दाराकडे. दोन्हींच्या मधे ताडपत्री घालायला विसरू नका, नाही तर लोकर भिजेल." तिने कंटेनरची लांबी बाहेरून पावलांनी मोजली आणि पत्र्यावर मधोमध खडूने रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे कातड्यांचे जितके गठ्ठे, पलीकडे तितकेच. बिस्मिल्ला म्हणून पहिला गठ्ठा तिनेच पाठीवर घेतला.

मिठात मुरलेल्या कातड्यांचं पाणी मानेवरून ओघळत होतं. दुपारी चहा आला. नाझीपाने पेला पुढे सरकवून दिला. रमजानचे राहिलेले रोजे ती त्या दिवसांत पुरे करत होती.

"आजाऱ्याला सूट आहे, प्रवाशाला आहे. हमालाला नाही का?" ओरिन्बायने विचारलं.

"मी मागितली नाही," ती म्हणाली आणि पुढचा गठ्ठा उचलला.

अडीच वाजता खिंडीतून धूळ यायला लागली. "आपा, वारा सेकंदाला बारा मीटरवर आलाय," कर्णा ओरडला. "पंधराला मी बंद करणार. मग स्टेशनमास्तर पाया पडला तरी नाही!"

"पंधराच्या आत देते!"

लोकरीची शेवटची गासडी आत गेली तेव्हा माणसांना बोलायला दम उरला नव्हता. दार लागलं. खटके बसले. कंटेनर हातभर वर गेला. नाझीपाची नजर खालच्या कडेवर खिळली होती. कड सरळ होती. दोन हात, चार हात वर गेला, तरी सरळच. ऐसुलूने तो वाऱ्यातून हळूच फिरवला आणि अरुंद रुळांवरच्या गाडीवर बसवला. मग क्रेन थांबली, ती थांबलीच.

साग्दातने टोपी मागे सारली. "उद्या सकाळी दुसरा देतो, आपा. काम तुमचं."

"उद्या का? मालाने भरलेली दुसरी वाघीण उभी आहे, उजेड आहे. वाऱ्याने क्रेन बंद पडली, आमचे हात नाही. आत्ताच द्या."

ओरिन्बाय कंबर धरून उठला. "या बाईला कुणीतरी दमायला शिकवा रे," असं पुटपुटत त्याने वाघिणीतल्या पहिल्या गासडीखाली खांदा घातला.