राहू देत तिचे तीन

आमच्या ग्रॅव्हल लेकच्या विद्यापीठातला मुलींचा बास्केटबॉल संघ एके काळी किती हरायचा, हे सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. गाव तसंही म्हणतंच, तेव्हा ऐकून घ्या. गुणफलकावर पाहुण्यांच्या बाजूचे दिवे एका हिवाळ्यात वापरून वापरून जळून गेले. आमच्या बाजूचे मात्र खोक्यातून काढल्यासारखे कोरे. शेवटी इलेक्ट्रिशियनने आमचे काढून त्यांना लावले आणि आमच्या बाजूला एकच ठेवला. तेवढ्यात भागायचं.

प्रेक्षक म्हणाल तर पाद्री, दोन-तीन आया आणि पाद्र्याचा कुत्रा. कुत्रा हाफटाइमला घरी जायचा. एका नोव्हेंबरात मागच्या दारातून एक मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं हरीण, शिंगं तिरपी करून आत शिरला, हीटरपाशी उभा राहून त्याने अख्खा तिसरा क्वार्टर पाहिला आणि मान हलवत निघून गेला. माईकवरून प्रेक्षकसंख्या सांगायचं काम माझं. मी त्यालाही त्यात धरला.

मी आर्वो. कागदाची गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होतो, नंतर जिममध्ये माईकवर आलो. गिरणी गेल्यावर गावात मोठ्याने बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. निदान बास्केट पडलं की कुणीतरी ओरडायला हवं, म्हणून मी.

त्या हरण्याच्या काळात मर्वी लेहतो संघात आली. तिचा आजा आणि मी गिरणीत एकाच मशीनवर. मर्वीला नेम म्हणून नव्हता. तिने चेंडू मारला की बास्केटखालच्या पोरी डोक्यावर हात धरायच्या. पण तिला एक गोष्ट यायची, जी कुणालाच आवडत नाही. समोरून भरधाव येणाऱ्या मुलीच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं, धडक छातीवर घ्यायची आणि उताणं पडायचं. उभ्या असलेल्याला धडकलं तर फाउल धडकणाऱ्याचा आणि चेंडू आपला. मर्वी असे चेंडू मिळवायची. मॅच संपली की तिच्या पाठीवर अख्ख्या जिल्ह्याचा नकाशा उमटलेला असायचा, निळ्या नद्यांसकट.

मर्वीच्या दुसऱ्या वर्षी डोरीन प्रुडॉम कोच म्हणून आली. बुटकी बाई, आवाज करवतीसारखा. पहिल्याच दिवशी तिने पोरींना ओळीत उभं केलं.

"उंच मुली इथल्या थंडीत येणार नाहीत. नेम शिकवायला माझं आयुष्य पुरणार नाही. पळायला मात्र कुणालाही लावता येतं. पळा."

पोरी पळायला लागल्या. डोरीनने त्यांना असं पळवलं की चौथ्या क्वार्टरला पाहुण्या पोरी भिंत धरून उभ्या राहायच्या आणि आमच्या तेव्हा कुठे अंग गरम होऊन जॅकेट काढायच्या. एका पाहुण्या संघाची कॅप्टन दमून आपल्या बसमध्ये जाऊन पडली, ती थेट विनिपेगला उठली. खोटं वाटत असेल तर विनिपेगला जाऊन विचारा.

मग ब्रॅम्प्टनहून टियाना ब्रॅथवेट आली. तिला नेम होता. तोंडही होतं.

"मर्वी, किती पडतेस गं! ही फरशी तुझ्या नावावर केलीये का कुणी?"

"तू मारायला मोकळी राहतेस ना, ती कुणामुळे? पडायला कुणीतरी लागतंच."

"मग निदान पडताना चेहरा तरी बरा कर. वर्तमानपत्रात फोटो येतो आपला आता."

फोटो खरंच यायला लागला होता. लोक यायला लागले. पाद्र्याचा कुत्रा शेवटपर्यंत बसायला लागला. मर्वीच्या पाचव्या वर्षी, म्हणजे शेवटच्याच, कारण पाच वर्षांच्या वर कुणाला खेळू देत नाहीत, आम्ही हरण्यापेक्षा जास्त जिंकत होतो. मर्वी कॅप्टन होती. आणि जानेवारीत एका धडकेत तिचा गुडघा गेला. ओली फांदी पायाखाली मोडावी तसा आवाज माझ्या माईकमधून सगळ्या जिमने ऐकला. ही थाप नाही.

ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं ठरलं. म्हणजे मर्वीचा खेळ तिथेच संपला.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच फेब्रुवारीत होती. ती जिंकलो तर बाद फेरीत, तेही विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा. शेवटच्या घरच्या मॅचला शेवटच्या वर्षाच्या मुलींना आधी मैदानात उतरवायची रीत आहे. कुणी जखमी असेल तर दुसऱ्या संघाशी बोलून तिला सुरुवातीलाच एक बास्केट मारू देतात, कुणी अडवत नाही. मग पाहुण्यांनाही तसंच एक देतात, म्हणजे बरोबरी होते. मग खरा खेळ सुरू.

डोरीनने पाहुण्यांच्या कोचला फोन केला. वेंडल फ्रीझन म्हणून अगदी सज्जन माणूस. दाराला धक्का लागला तर दाराला सॉरी म्हणेल असा. तो लगेच हो म्हणाला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मर्वी माझ्याकडे मटारचं सूप प्यायला आली. कुबड्या भिंतीला टेकवून बसली आणि सूप नुसतं ढवळत राहिली.

"आर्वोकाका, कुणी न अडवता मारलेलं बास्केट कसं दिसेल?"

"बास्केटसारखं दिसेल."

"लोक रडतील."

"बाहेर उणे तीस आहे. लोकांचे डोळे तसेही गळतायत."

ती हसली. मग एकदम म्हणाली, "मला हवंय ते. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या अंगाखाली होते, काका. एकदा तरी माझ्या हातून पडायला हवं आणि सगळ्यांनी पाहायला हवं. इतकं हवंय की लाज वाटते."

"सूप गार झालं की साय धरतं," मी म्हणालो.

मॅचच्या दिवशी जिममध्ये मुंगीला जागा नव्हती. मुंग्यांना फेब्रुवारीत काम नसतं म्हणून बरं. मर्वी कुबड्या टाकून, गुडघ्याला पट्टा बांधून मैदानात आली. टियानाने चेंडू तिच्या हातात ठेवला आणि कानात म्हणाली, "चुकवलास तर मी तुला ओळखत नाही."

मर्वी लंगडत बास्केटखाली गेली. पाहुण्या पोरी हात मागे बांधून उभ्या होत्या. तिने एका पायावर तोल सावरला आणि चेंडू फळीवर टेकवला. तो कड्यावर फिरला, थांबला, विचारात पडला आणि आत पडला. दोन गुण. मी तिचं नाव माईकवर असं ओढलं की तळ्यावरचा बर्फ तडकला. माणसं रडली. मीही रडलो, आणि आत तर उणे तीस नव्हतं.

टियानाने आणि मी मिळून तिला बेंचवर आणून बसवलं. बेंच माझ्या टेबलाला लागूनच होता. मग पाहुण्यांची पाळी. त्यांच्याकडेही शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, ब्रिन. बिचारी टाळ्या वाजवण्यात इतकी गुंगली होती की चेंडू हातात आला तेव्हा ती लांब, तीन गुणांच्या रेषेबाहेरच उभी होती. कुणी अडवत नाहीये, चेंडू हातात आहे. पाच वर्षांची सवय. तिने तिथूनच मारला.

आत गेला.

सगळे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. ब्रिननेच आधी तोंडावर हात ठेवला. ठरलं होतं बरोबरीचं आणि फलकावर तीन-दोन. रेफरी टेबलापाशी आला. फ्रीझन लालबुंद होऊन धावत आला.

"सॉरी, डोरीन, फार सॉरी. पोरीच्या लक्षात नाही आलं. दोनच लिहा."

"दोन्ही कोच म्हणत असतील तर मी दोन धरतो," रेफरी म्हणाला. "नाहीतर नियमाने तीन."

डोरीनने फलकाकडे पाहिलं. मग बेंचकडे वळली. "कॅप्टन, काय करू?"

मर्वीचा चेहरा अजून ओला होता. तिने मैदानात मान खाली घालून उभ्या असलेल्या ब्रिनकडे पाहिलं. आपल्याला तर सगळं मिळालं आहे, आता पाहुणीच्या हातातलं काय ओढून घ्यायचं, असं तिला वाटलं असणार. आमच्याकडे पाहुण्याची चूक दाखवत नाहीत. पाहुण्याने उलटा कोट घातला तरी छान दिसतो म्हणतात.

"तिचीही शेवटची मॅच आहे, कोच. राहू देत तिचे तीन."

"नको नको, दोनच लिहा," फ्रीझन म्हणाला.

"नाही, राहू देत," डोरीन म्हणाली.

"अहो, पण—"

"खरंच राहू देत."

असं चाललं असतं तर ती मॅच अजून सुरू झाली नसती. रेफरीने शिट्टी वाजवली. मी माईकवर तीन म्हणालो.

पुढचं लांबवत नाही. आमच्या पोरी पळाल्या. पाहुण्या शेवटच्या क्वार्टरला भिंती शोधायला लागल्या. त्यांची सगळ्यात उंच मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली, दुसरीच्या पोटरीत गोळा आला. शेवटच्या क्षणी आम्ही एका गुणाने मागे होतो. टियानाने मारलेला चेंडू कड्यावर आपटला आणि बाहेर गेला.

चौसष्ट-त्रेसष्ट. हरलो.

बरोबरी असती तर पाच मिनिटं जादा मिळाली असती. आणि जादा पाच मिनिटं म्हणजे आमचा धंदा. समोर दमलेल्या पोरी आणि आमच्या नुकत्याच कुठे तापलेल्या. त्या पाच मिनिटांत आम्ही त्यांना तळ्यापार पळवलं असतं. हे जिममधल्या प्रत्येकाला कळत होतं. लोक कोट घालत होते आणि मर्वीकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून गावात एक विचित्र साथ सुरू झाली. जो तो पराभव आपल्या अंगावर घ्यायला लागला. टियाना म्हणाली, माझाच नेम चुकला. डोरीन म्हणाली, मी टाइमआउट घ्यायला हवा होता. पॉपकॉर्नवाला म्हणाला, मी त्या दिवशी नेहमीची टोपी घातली नव्हती. पाद्र्याने तर रविवारी देवासमोर कबूल केलं की त्याने शेवटच्या मिनिटाला डोळे मिटले होते. बेकरीतली बाई मर्वीच्या पिशवीत एक पुला, आमच्याकडचा गोड पाव, जास्त टाकायची आणि म्हणायची, "नशीब गं, दुसरं काय." टेबलापाशी काय बोलणं झालं ते सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. मर्वीसमोर मात्र कुणी चुकूनही तीन हा आकडा उच्चारत नसे. माझ्यासमोर एका माणसाने तिच्या देखत "दोन आणि एक" कॉफी मागवल्या.

तिचा स्वतःचा असा एक अपराध होता, तोही गावाने आपसात वाटून घेतला.

उन्हाळ्यात ऑपरेशन झालं. गुडघा जुळला, मर्वी नाही. हॉस्पिटलच्या खिडकीशी लोकांची नावं लिहून घ्यायची नोकरी तिला लागली. सूप प्यायला येणं बंद झालं. मी रस्त्यात गाठून मूसची गोष्ट नव्याने, दोन मूस करून सांगितली, तर म्हणाली, "छान आहे, काका." माझ्या गोष्टीला छान म्हणणारं माणूस ठीक नसतं.

पुढच्या हिवाळ्यात संघाने कमाल केली. बाद फेरी गाठली, ती जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळवली. जिममध्ये पहिली पताका चढली. तिच्यावर त्या वर्षाचा आकडा होता. मर्वीच्या वर्षाची पताका नव्हती, कारण त्या वर्षी काही झालंच नव्हतं.

स्पर्धेला बस निघाली तेव्हा अर्धं गाव जिमच्या आवारात आलं होतं. मर्वी मागे, बर्फाच्या ढिगाऱ्यापाशी उभी होती. टियाना बसमधून उतरून तिच्याकडे आली.

"चल ना गं. एक सीट आहे. डोरीननेच ठेवलीये."

"ड्युटी आहे."

"मर्वी, तुझ्यामुळेच आम्ही इथवर आलो."

"हो का," मर्वी म्हणाली. "आणि मागच्या वर्षी?"

टियानाचं तोंड, जे पंच, पालक आणि पोलीस यांच्यापुढेही कधी बंद झालं नव्हतं, ते बंद झालं. मग तिने मर्वीला मिठी मारली. "मागच्या वर्षी माझा नेम चुकला," ती म्हणाली आणि पळत बसमध्ये चढली.

बस गेली. लोक पांगले. मी मर्वीशेजारी जाऊन उभा राहिलो. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तू टेबलापाशी होतास, काका."

"होतो."

"मी काय म्हणाले ते ऐकलंस."

"ऐकलं."

"मग सांग. मी वर्षभर वाट बघतेय. आई म्हणते नशीब, डोरीन म्हणते टाइमआउट, सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसे बोलतात. कुणी एकदा तोंडावर म्हणालं तर मला निदान भांडता येईल, रडता येईल. तूही गप्प बसलास."

"मी म्हणालो असतो तर गावाला ती थाप वाटली असती."

"मला नाही वाटणार."

मी आयुष्यभर हव्या तशा गोष्टी सांगितल्या आहेत. नदी उलटी वाहवली आहे, मेलेल्या माणसाला पत्त्यांत हरवलं आहे. तेव्हा मात्र खरं तेवढंच सांगायचं होतं.

"तुझ्यामुळे हरलो आपण, पोरी," मी म्हणालो. "दोन म्हणायला हवं होतंस. पाच मिनिटं मिळाली असती. जिंकलो असतो."

ती हलली नाही. धडक घ्यायला उभी राहायची, तशी पाय रोवून उभी राहिली. मग तिचे खांदे खाली आले आणि ती रडायला लागली, आवाज करून, मुळीच न लाजता. आवारात आता आम्ही दोघंच होतो आणि बसच्या चाकांचे दोन काळे पट्टे रस्त्यापर्यंत गेले होते.

बऱ्याच वेळाने तिने हातमोज्याने नाक पुसलं.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.