जाहिरातीतला गाल

मोठ्या आईंच्या दिवंगत नणंदेचा गाण्यांचा जुना अल्बम पुन्हा निघणार होता आणि मासिकातली त्याची जाहिरात त्यांची नात संगणकावर रचत होती.

“आजी, मूळ फोटोत तीळ डाव्या गालावर आहे. तू तेव्हा केलेल्या जुन्या जाहिरातीत उजव्या गालावर कसा?”

“मीच फोटो आरशासारखा उलटवून घेतला. चेहरा पानाबाहेर पाहायला लागला की वाचकही बाहेर जातो. त्याने अल्बमच्या नावाकडे पाहायला हवं, आणि नाव तर डिंकाने चिकटवून झालं होतं.”

“आत्याआजी रागावली नाही?”

“‘वहिनी, गाणं माझं आणि गाल तुमचा,’ म्हणाली. पुढे प्रत्येक मैफलीत खऱ्या तिळावर पावडर थापून उजव्या गालावर काजळाचा ठिपका लावायची. रसिकांचा हिरमोड नको, म्हणे.”

नात हसली. “मग आताही उलटाच ठेवू? लोक तोच चेहरा ओळखतात.”

मोठ्या आई पडद्याकडे पाहत राहिल्या. ठिपका लावून लोकांची समजूत राखणारी आता उरली नव्हती.

“मूळचाच ठेव,” त्या म्हणाल्या, “आणि नाव उचलून ती बघते आहे तिकडे ने.”