नदीपलीकडची बाजू

आमचं कॉलेज इंडियानात, ओहायो नदीच्या काठावर. वर्गात आम्ही लॅटिन घोकायचो. बोलायला आणि विचार करायला शिकलो ते मात्र अरेटियन सभेत. ही सभा सगळी विद्यार्थ्यांची. दालन आमचं, पुस्तकं आमची, नियमही आमचेच. प्राध्यापकांना आत यायचं तर विचारून यावं लागे. दर शुक्रवारी दुपारी वाद रंगायचा, आणि कोणी कोणत्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

त्या वर्षी विषय निघाला: पळून आलेल्या गुलामाला धरून मालकाच्या हवाली करण्याचा कायदा पाळावा की नाही?

‘पाळावा’ ही बाजू माझ्या वाट्याला आली. मी एलम हॅडली, गुलामगिरीला पाप मानणाऱ्या क्वेकर पंथाच्या घरातला. आमच्या कोठारात पळून आलेली कितीतरी माणसं लपून पुढे गेली होती. ‘पाळू नये’ ही बाजू आली लिअँडर प्रेविटला. तो माझ्याच खोलीत राहायचा, पण त्याचं घर नदीपलीकडे केंटकीत. आमच्या काठावर गुलामगिरीला बंदी होती, तिकडे नव्हती. तंबाखूची मोठी शेती, आणि ती कसणारे गुलाम.

दालनात हशा पिकला. होसिया डनलॅप तेव्हा सभेचा अध्यक्ष होता. गाड्या बनवणाऱ्याचा मुलगा, कोपरांवर ठिगळं लावलेला कोट. तो म्हणाला, “अदलाबदल हवी असेल तर आत्ताच सांगा.”

मी तोंड उघडणार तोच लिअँडर म्हणाला, “नको. आली ती आली.”

खोलीवर आल्यावर मी भडकलो. “लेका, सरळ सुटत होतो की आपण!”

“सुटून काय मिळणार होतं? तुझ्या घरचं म्हणणं मला तुझ्याइतकं चांगलं कोण सांगेल? फक्त कच्चे मुद्दे देऊन फसवू नकोस हं.”

“आणि तू मला काय देणार?”

“वडिलांचे मुद्दे. ते जज आहेत. हरायची सवय नाही त्यांना.”

मग आम्ही रोज नदीकाठी भांडत फिरायचो. एकदा त्याने विचारलं, “कोठारात आलेल्यांपैकी कोणी लक्षात आहे तुझ्या?”

“एक बाई आहे. तिच्या हातात लहान मुलाचे बूट होते.”

“आणि मूल?”

“ते आधीच विकलेलं.”

त्या दिवशी लिअँडर पुढे भांडला नाही.

वादाच्या दिवशी पाहुण्यांच्या बाकावर खुद्द जज प्रेविट येऊन बसले. मुलाला भेटायला म्हणून आले होते. लिअँडरचा चेहरा उतरला. मी आधी बोललो, आणि जज खुशीत मान डोलवत होते. डोलवणारच, मुद्दे त्यांचेच होते.

मग लिअँडर उठला. सुरुवातीला चाचरला, कायद्याची कलमं सांगत राहिला. अचानक थांबून त्याने ती बुटांची हकीकत सांगितली आणि म्हणाला, “त्या बाईला धरून परत पाठवायला तुमच्यापैकी कोण येतं माझ्याबरोबर?”

जज ताडकन उभे राहिले. “लिअँडर! पुरे झालं. चल घरी!”

डनलॅपने हातोडा आपटला. “पाहुणे महाशय, इथे अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणी बोलत नाही. सदस्य प्रेविट यांचं भाषण चालू आहे. कृपया खाली बसावं.”

जजनी डनलॅपकडे रोखून पाहिलं, आणि ते बसले. हेच शब्द त्यांनी स्वतः जन्मभर लोकांना ऐकवले असतील.

लिअँडरने भाषण पुरं केलं. युक्तिवादाचा निकाल डनलॅपने माझ्या बाजूने दिला. मांडणी माझीच भक्कम होती, आणि तो निकालात कधी भिडेला बळी पडायचा नाही. जिंकल्याची मला लाज वाटली. त्यानंतर नियमाप्रमाणे प्रत्येकाने स्वतःला पटेल त्या बाजूला उभं राहायचं होतं. ‘पाळू नये’च्या बाजूला सगळ्यांत आधी लिअँडर जाऊन उभा राहिला, वडिलांच्या समोर. मी त्याच्या शेजारी गेलो.

बाहेर जजनी विचारलं, “आत बोललास ते पोपटपंचीच होती ना?”

“आधी होती, सर. आता नाही.”

जज एकटेच बग्गीत बसून गेले. लिअँडरला घरून येणारी मदत थांबली. डनलॅपने प्राचार्यांकडे खेटे घालून लिअँडरला गावातल्या शाळेत शिकवायचं काम मिळवून दिलं आणि त्याचं शिक्षण पुरं झालं.

पुढे तो याच काठावर वकील झाला. पळून आलेल्यांचे खटले घ्यायचा, त्यातले बरेच हरायचा. मी कधीमधी कोर्टात जाऊन बसत असे. समोरचा वकील कितीही वाकडं बोलो, लिअँडर त्याचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घ्यायचा. मग उठायचा.