ताण्याखालचा धागा

"दोन धागे एका डोळ्यात घातलेस, फखरुद्दीन. बघ, आख्ख्या ताक्याला रेघ पडलीय." मोहिउद्दीनशेठनी कापड उजेडाकडे धरलं.

फखरुद्दीननं मान खाली घातली. निजामपुऱ्यातल्या या कारखान्यात तो अठ्ठावन्न सालापासून, म्हणजे एकतीस वर्षं राच भरत होता. नव्या बीमचा, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, एकेक धागा हुकासारख्या आकड्यानं राचेच्या तारेच्या डोळ्यातून ओढून घ्यायचा. कामाला माणसं दोन लागतात. मागे बसलेला धागा पुढे करतो, समोरचा ओढतो. धागे देणारा केसरीनाथ दिवाळीनंतर वडप्याला, आपल्या गावी निघून गेला. नवा गडी घाईत दोन-दोन धागे एकदम पुढे करी. पण ओढणाऱ्यानं देणाऱ्याकडे बोट दाखवायचं नसतं, हा त्या कामाचा रिवाज.

"अजून एक बीम द्या, शेठ. रेघ पडली तर मीच कामावरून उठतो."

"धागे कोण देणार?"

"माझी हबीबा."

"बीएस्सीवाली? आता राच भरणार?"

"तिची परीक्षा संपली शेठ. माझी सुरू झाली."

सकाळी हबीबा मागे बसली. दोन हजार धागे. पाचशेच्या आसपास फखरुद्दीनच्या लक्षात आलं, आकड्याचा नेम चुकतो तेव्हा धागाच सरकून त्याच्या टोकाला टेकतोय. तो सरकवत होती पोरगी. मग बोलली ती भलतंच.

"अब्बा, इंग्रजीत 'सटल' म्हणून शब्द हाय. सूक्ष्म, पटकन न दिसणारं."

"बरं."

"मूळ लॅटिन. 'सब' म्हणजे खाली, 'तेला' म्हणजे मागावरचा ताणा. ताण्याखालून जाणारा बारीक धागा. बहुधा."

"बहुधा?"

"शब्दकोशात तसंच लिहिलंय."

"त्या कोशवाल्याला इथं आणून बसव. बहुधा खोडून टाकील."

हबीबा हसली. "आमच्या प्रोफेसरबाई दहादा वापरतात हा शब्द."

"त्यांना सांग, माझ्या बापाच्या हातातला हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी लूम सुरू झाला. शेठनी उतरणाऱ्या कापडावर अंगठा फिरवला. रेघ नव्हती.

"वा! उद्या पुढचा बीम घे."

"न्हाय शेठ. हात हाय अजून, डोळा न्हाय. धागे आकड्यापर्यंत पोरीनं आणले."

"गप्प बसायचंस. मला कुठं कळणार होतं?"

"मला कळलं ना."

त्यानं आकडा लुंगीला पुसून खिशात टाकला. मग डोळे मिटून कापडावर तळहात ठेवला. लूम कुणी थांबवला नाही. कापड त्याच्या हाताखालून पुढे सरकत राहिलं.