गावच्या नवरदेवांचा चाकू

“हाऊ चाकू मिटस ना रे भो?” बेबाबाईंनी हळदीचे हात तसेच वर धरून विचारलं.

“मिटस आक्का,” नवल म्हणाला. “पन खटका शे त्याले. एकदाव उघडा की मंग हालस नही.”

“मिटनारं हत्यार नवरदेवना हातमा? मंग संसार बी मिटी जाई!”

मांडवात हशा पिकला. बेबाबाईंचा नातू स्वप्नील पाटावर बसला होता, कपाळापासून पावलांपर्यंत पिवळा. नवलचा चाकू त्याच्या हातात उघडा होता आणि टोकाला लिंबू खोचलेलं होतं. हळद लागली की लग्न लागून काकण सुटेपर्यंत नवरदेवानं लोखंडाचं पातं जवळून सोडायचं नसतं. जेवताना, झोपताना, मागच्या दारी जातानासुद्धा. पूर्वी गावात यासाठी एक कट्यार होती. ती कोणाच्या तरी वाटणीत नाहीशी झाली आणि तेव्हापासून लग्नघरची माणसं नवलकडे येऊ लागली.

धनसिंगनाना खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, “आक्का, याच चाकूवर गावना बठ्ठा पोऱ्या लगनले उभा ऱ्हायनात. एकना बी संसार मिटना नही.”

“एक सोडीसन!” मागून कोणीतरी म्हणालं. “ज्याना चाकू शे, त्याना सुरूच व्हयना नही.”

पुन्हा हसू. नवलही हसला. तो एक्केचाळीस वर्षांचा होता, शिंदखेडा तालुक्यातल्या विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करायचा, आणि हा विनोद त्यानं इतक्यांदा ऐकला होता की कुठे हसायचं ते त्याला पाठ झालं होतं. हसता हसता त्याचा उजवा हात पँटच्या खिशाकडे गेला. खिसा हलका होता. हात तिथून निघाला, कमरेवर गेला, मग पाठीमागे, मग परत खिशात.

घरी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. भिकुबाईंनी वर न बघता विचारलं, “चाकू दी उना?”

“हो.”

“गावना पोऱ्यासले बाया मियाडी देस तुना चाकू. तुले कोन देई?” तिनं ताटातला खडा अंगणात फेकला. “सकाय दोंडाईचाले जानं शे. बठ्ठं ध्यानमा ऱ्हाऊ दे.”

दोंडाईच्याची बाई सुलक्षणा. छत्तीस वर्षांची, फारकत झालेली, मिरचीच्या गोदामात कामाला. तिचा भाऊ हितेंद्र यानंच निरोप धाडला होता. आजवर नवलनं बघितलेल्या मुलींच्या बापांनी जमीन विचारली होती, नोकरी विचारली होती. ही बाई स्वतः बोलणार आहे, एवढंच हितेंद्रनं कळवलं होतं.

सकाळी दोंडाईच्याला जाताना तो वाटेत शिंदखेड्यात उतरला तो केवलचंद शेठच्या लोखंडी सामानाच्या दुकानासाठी. काम अडत होतं. केबलची साल सोलायला, नायलॉनचा दोर तोडायला, काळा पाइप कापायला चाकू लागतोच, आणि स्वप्नीलचं काकण सुटायला अजून चार-पाच दिवस होते.

“खटक्याचा नाही ठेवत आता,” शेठ म्हणाले. त्यांनी काचेच्या कपाटातून दोन-तीन चाकू काढून फडक्यावर मांडले. “हे घे. साधे घडीचे. नाहीतर म्यानाचा घे, एकदम मजबूत.”

“म्यानाचा घेऊन विहिरीत कसा उतरू शेठ? बसलो तर मांडीत जाईल.”

“मग साधा घे.”

नवलनं एक उघडला, पात्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाब दिला. पातं सहज मिटायला लागलं. त्यानं तो खाली ठेवला.

“फौजदार येऊन सांगून गेले ना रे,” शेठ म्हणाले. “खटका असला की हत्यार, नसला की अवजार. वरातीत पोरं नाचवतात, मोबाइलवर टाकतात. उद्या कोणी पोटात घातला तर माझ्या दुकानाचं नाव.”

“उलटं आहे शेठ. खटका नसला की बोटं जातात.” नवलनं उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. दुसऱ्या पेरावर आडवा पांढरा वण होता. साध्या चाकूनं पाइप कापताना पातं उलटून बसलं होतं. बोट पुरतं वाकत नव्हतं. त्यानंतरच त्यानं याच दुकानातून खटक्याचा घेतला होता, जाड पात्याचा, पितळी टोप्यांचा, हातात वजन कळणारा.

“तू बरोबर आहेस. पण फौजदाराला कुठे पाइप कापायचाय?” शेठ हसले आणि चाकू परत कपाटात ठेवू लागले. “अच्छे कपडे घालून निघालास. लडकी बघायला?”

नवलनं शर्टाची कॉलर सारखी केली. तो काही न घेताच निघाला.

हितेंद्रच्या घरी पोहे झाले, चहा झाला. मग वहिनीनं दोघांना मागच्या अंगणात खुर्च्या टाकून दिल्या आणि स्वतः नळावर भांडी घासत बसली, पाठ करून. सुलक्षणाच्या बोटांची टोकं लालसर होती आणि ती हात चेहऱ्यापासून दूर ठेवून बसली होती. मिरची खुडणाऱ्या बायकांना ती सवय लागते. दोघंही जपून, पुस्तकी मराठीत बोलत होते, बँकेत बोलावं तसं.

“तुमचा हात सारखा खिशाकडे जातोय,” ती म्हणाली. “तंबाखू?”

“नाही.”

“पिता?”

“नाही. हात रिकामा राहिला की असा होतो.”

तिनं खुर्ची थोडी त्याच्याकडे वळवली. मग म्हणाली, “मी एकच विचारणार आहे. पहिल्याच्या खिशात चाकू असायचा. खटक्याचा. त्यानं तो मला कधी मारला नाही. मी भाकरी करत असले की मागे येऊन बसायचा आणि उघडायचा, मिटायचा. खट्, खट्. बोलायचा काही नाही. मी वळून बघितलं की विचारायचा, काय झालं? पंचांपुढे मी हेच सांगितलं. ते म्हणाले, मग लागलं कुठे?”

नळ चालू होता. वहिनीचे हात थांबले होते.

“तुमच्याकडे तसलं काही नाही ना?”

नवलनं खिशातलं सगळं काढून मांडीवर ठेवलं: मोबाइल, टेस्टर, रबरी पट्टीची गुंडाळी, बसचं तिकीट. का काढलं ते त्यालाही कळलं नाही. “नाही,” तो म्हणाला.

सुलक्षणानं त्या वस्तूंकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसली. “एवढं नको होतं दाखवायला.”

संध्याकाळी होकार आला. भिकुबाईंनी शेजारच्या दोन घरांत साखर वाटली.

त्या दिवसापासून नवलचं कशात मन लागेना. तो करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं केबल सोलत होता. तांब्याच्या तारा तुटत होत्या, जोड दोनदा सोडून पुन्हा करावे लागत होते. जेवताना मध्येच उठून ओट्यावर जाई, तिथून परत आत. चाकू केवलचंदच्या दुकानात ठेवावा. धनसिंगनानांच्या शेतातल्या खोलीत ठेवावा. पण रोज सकाळी वाट वाकडी करून तो आणायचा आणि अंधार पडायच्या आत नेऊन ठेवायचा, आणि तिला सांगायचं की माझ्याकडे काही नाही? स्वप्नीलच्या लग्नात तो पंगतीत वाढत होता तेव्हा नवरदेवाच्या हातातल्या लिंबाकडे त्याची नजर सारखी जात होती. तेवढे दिवस तरी त्याचं बोलणं खरं होतं.

काकण सुटल्यावर स्वप्नील स्वतः चाकू घेऊन आला. मुठीच्या खाचांत हळद बसली होती. रिवाजाप्रमाणे त्यानं तो हातात न देता ओट्यावर ठेवला, नवलनं तिथून उचलला. पात्याची हाताहाती झाली की भांडण होतं म्हणतात.

“तिले सांगनं पडी,” रात्री तो आईला म्हणाला.

“काय गरज शे? लगन व्हई जाऊ दे. मंग काय, बाई मानूस शे, सवय करी लेस.”

नवलनं ताट सारलं. पहिल्या घरीही तिला कोणीतरी असंच म्हटलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यानं काम घेतलं नाही.

मिरचीच्या गोदामाबाहेर उभं राहिलं तरी घसा धरत होता. सुलक्षणा नाकातोंडाला ओढणी बांधून बाहेर आली, त्याला बघून ओढणी खाली ओढली. मागे सावलीत बसलेल्या बायका खाकरल्या, एकीनं विचारलं, “कोन शे वं? लगीनआधीच?”

नवलनं चाकू मिटलेला काढला आणि दोघांच्या मधल्या भरल्या पोत्यावर ठेवला.

“हा माझा आहे. त्या दिवशी गावातल्या नवरदेवाकडे होता. म्हणून खिसा रिकामा होता.”

ती चाकूकडे बघत राहिली. “म्हणजे खोटं बोललात.”

“खिशात नव्हता.”

“मी खिशाचं विचारलं नव्हतं.”

“नाही,” नवल म्हणाला. “खोटं बोललो.” मग त्यानं बोट दाखवलं, वण दाखवला, खटका नसला तर पातं कसं उलटतं ते सांगितलं. सांगता सांगता त्यालाच ते लांबलं असं वाटलं आणि तो थांबला.

“उघडा,” ती म्हणाली.

“इथे?”

“उघडा.”

त्यानं चाकू उचलला. आवाज होऊ नये म्हणून अंगठा दाबून, पातं हळूहळू वर आणू लागला.

“तसा नाही. रोज उघडता तसा.”

त्यानं उघडला. खट्. सुलक्षणाचे खांदे एकदम कानांपर्यंत वर आले, अंगावर पाणी पडावं तसे. ती वळली नाही, ओरडली नाही. फक्त जवळच्या पोत्यावर बसली. सावलीतल्या बायका माना वळवून बघू लागल्या.

नवलनं चाकू मिटवला. तो आवाजही झालाच. “हितेंद्रभाऊंना मीच सांगतो,” तो म्हणाला. “माझ्याकडून नाही म्हणून. तुमच्यावर काही येऊ देणार नाही.”

तो चाकू खिशात टाकणार, तेवढ्यात ती म्हणाली, “ठेवा तो इथे.”

“काय?”

“पोत्यावर ठेवा. माझ्याकडे राहू दे. मी तो आवाज आजवर पाठीमागूनच ऐकलाय. माझ्या हातात कसा येतो ते मला बघायचंय.” तिनं ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. “जमलं तर फोन करीन. नाही जमलं तर हितेंद्रच्या हाती पाठवून देईन. मग काही विचारायचं नाही.”

नवलनं चाकू ठेवला. “मिटताना पाठीवरची पट्टी दाबायची,” तो म्हणाला. “आणि अंगठा पात्याच्या वाटेत नाही ठेवायचा. जड आहे तो.”

“कळेल मला.”

त्यानंतरचे दिवस नवल करवतीच्या पात्यावरच राहिला. फोन वाजला की हात पुसायच्या आधी उचलायचा. मोटर जळल्याचे फोन असायचे. हितेंद्रची मोटरसायकल गावात दिसली तर नाही, असं तो दोन-तीन जणांना उगाच विचारून बसला. एका संध्याकाळी वरच्या आळीतली माणसं लग्नाच्या तयारीत आली आणि चाकू मागू लागली.

“मनाकडे नही, कोनले तरी दी टाकेल शे,” नवल म्हणाला.

“कोना लगनले?” त्यांनी विचारलं. “आते तर आपलाच मुहूर्त शे.”

भिकुबाई दारात उभी होती. तिनं नवलकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिनं त्या माणसांना आपली विळी काढून दिली आणि वर म्हणाली, “लोखंडच जोयजे ना? हाई बी लोखंडच शे.”

फोन आला तेव्हा तो धनसिंगनानांच्या विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता. मोटर साखळीवर अर्धी वर आली होती, आणि नाना पलीकडे साखळी धरून उभे होते.

“हॅलो?”

पलीकडून कोणी बोललं नाही. भांडी नव्हती, बायकांचा आवाज नव्हता. घरात ती एकटी असावी. मग आला. खट्. नवलचा हात साखळीवरून सुटला. बराच वेळ काही नाही, फक्त श्वास, जरा भरभर, मग हळू होत गेलेला. मग मिटल्याचा आवाज.

“ऐकू उनं का?” सुलक्षणानं विचारलं.

“उनं.”

“अंगवर काटा उना मना.” ती थांबली. “उना नि गया.”

 खाली मोटरमधून निथळणारं पाणी विहिरीत पडत होतं.

“वढू का रे नवल?” नानांनी विचारलं. “हात भरी उना मना.”

“थांबा, फोन ठेवू नका,” फोनमध्ये ती म्हणत होती. “आखो एकदाव करी देखस.”

नवलनं मोकळा तळहात नानांकडे वर केला आणि फोन कानाशी घट्ट धरला.