टपावरची आठ भोकं

मुनेसर भैयाची व्हॅन शुक्रवारी सकाळी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा मी पूजा उरकून नुकताच चहाला बसलो होतो.

"जगरूप, टप गळतोय रे," तो उतरता उतरताच म्हणाला. "परवा पोथीच्या फडक्यावर पाणी पडलं. कॅरियर काढून टाक, आणि भोकं अशी बुजव की इथं कधी काही होतं हे कुणाला कळू नये."

"आणि कर्णा कुठं बांधायचा? रामनवमी तीन आठवड्यांवर आली."

"नवीन हलकं कॅरियर करू की. आधी गळती थांबव. रामाचं काम आहे."

रामाचं काम म्हटल्यावर मी पुढचं विचारत नाही. पाना घेतला आणि शिडी लावली.

ते कॅरियर माझ्याच हातचं. एकोणीस वर्षांपूर्वी मोडक्या ऊसगाडीच्या नळ्या वेल्ड करून बनवलेलं. दर मंगळवारी संध्याकाळी फिजीतल्या लंबासाच्या या उसाच्या पट्ट्यात कुणा ना कुणाच्या घरी आमची रामायण मंडळी बसते. व्हॅन मुनेसरची. कॅरियरवर सतरंज्या, ताडपत्री, मोठी कढई, आणि अगदी पुढं तोंड करून कर्णा. मुनेसर गातो, मध्येच थांबून अर्थ सांगतो, पुन्हा सूर धरतो. ढोलकीवर मी. रामाच्या निरोपाचा प्रसंग आला की त्याचा आवाज असा काही भरून येतो की कुंपणापलीकडचा आमचा फिजियन शेजारी सेरूसुद्धा यंगोना पिता पिता ती वाटी खाली ठेवून डोळे पुसतो. त्याला भाषा अर्धीमुर्धीच कळते. पण त्या आवाजाला भाषा लागत नाही.

गेल्या वर्षी सुभागीचं, माझ्या बायकोचं, पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. इस्पितळाच्या बाकावर बसून मी देवाला बोललो, ही घरी परत येऊ दे, पुढच्या नवमीला नऊ दिवस कथा माझ्या अंगणात करीन, आणि ती मुनेसरच्या तोंडून. मुनेसर तेव्हा शेजारीच बसला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "गाईन रे. घसा फुटेपर्यंत गाईन." सुभागी घरी आली. आज ती चुलीपाशी उभी राहून त्याच्यासाठी दुपारच्या पुऱ्यांची तयारी करत होती.

मी आतलं अस्तर सोडवलं, तेव्हा एक गोष्ट दिसली. अस्तर कोरडं होतं. पाण्याचा एक डाग नाही. बोल्टांखालची रबरं म्हातारी झाली होती, पण धरून होती. मनात म्हटलं, भैया म्हणतोय म्हणजे गळत असेल.

आठ बोल्ट. सहा सुटले, दोन गंजून बसलेले कापावे लागले. कॅरियर उतरवून पपईच्या झाडाखाली ठेवलं, कर्णा गवतात. मग एकेक भोक घेतलं. तारेच्या ब्रशनं गंज काढला, लाल ऑक्साईड लावला, खालून पत्र्याची टिकली चिकटवली, वरून सीलंट भरून बोटानं सारखं केलं. सात भोकं झाली. वर रंगाचा हात मागाहून मारायचा होता.

गाडी ठेवून गेलेला मुनेसर दुपारी काम बघायला आला. ऊन रणरणत होतं, म्हणून तो व्हॅनमध्येच जाऊन बसला. मी टपावर फळीवर पालथा पडून आठवं भोक घासत होतो. आत त्याचा फोन वाजला आणि त्यानं काचा लावून घेतल्या.

अस्तर काढलेलं होतं. त्याचा आवाज त्या भोकातून सरळ माझ्या कानात आला.

"हो हो, उद्या सकाळी पैसे घेऊन या, गाडी न्या. टप साफ करून घेतोय. भजनाची गाडी होती हे ओळखू येणार नाही... रविवारचं विमान. मी अन् बायको, दोघंही जातोय, आता कायमचंच. लेकीनं ब्रिस्बेनला खोली तयार ठेवलीय... छे, मंडळीत नाही सांगितलं. रडारड कशाला? तिथं पोचून फोन करीन." मग तो हसला. "जगरूप ना? तो भोळा आहे हो. रामाचं काम म्हणा, बैलासारखा मान खाली घालतो."

एकोणीस वर्षं हाच आवाज मी कर्ण्यातून ऐकला होता.

ब्रश हातातच राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. उन्हानं पत्रा तापला होता आणि माझा गाल त्यावर टेकलेला होता, हे नंतर गाल चुरचुरला तेव्हा कळलं. वाटलं, हे एक भोक असंच ठेवावं, वरून नुसता रंग फासावा. पण पाणी गळणार ते न्यायला येणाऱ्या बिचाऱ्याच्या डोक्यावर. त्यानं माझं काय केलं होतं? मी टिकली चिकटवली. सीलंट भरलं. बोटानं सारखं केलं.

तासाभरानं बादली घेऊन वर चढलो. "भैया, आत बस आणि बघ, थेंब येतो का."

तीन बादल्या ओतल्या. सगळं पाणी कडेनं खाली गेलं. मुनेसर आत काहीतरी बोलला. मग काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "अरे, ओरडतोय मी. एक थेंब नाही. हात आहे का काय तुझा."

"ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "मघाशी येत होतं. शेवटचं भोक उघडं होतं तेव्हा."

त्याचं डोकं तसंच बाहेर राहिलं. मग तो हळूच खाली उतरला.

"सांगणारच होतो रे."

"ब्रिस्बेनहून."

"नवस विसरलो नाही मी. फोनवरून गाईन. तू फोन कर्ण्याच्या माईकपाशी धर, झालं. आजकाल सगळे असंच करतात."

"हे सुभागीला सांग. आत तुझ्यासाठी पुऱ्या तळतेय."

त्यानं घराच्या दाराकडं पाहिलं. दोन पावलं टाकली. मग खिशातून किल्ली काढली आणि गाडीत जाऊन बसला.

"सीलंट ओलं आहे," मी म्हणालो. "न्यायला येईल त्याला सांग, दोन दिवस टप घासू नको. रंगही त्यालाच मारून घ्यायला सांग."

"राम राम, जगरूप," तो म्हणाला. आवाज तोच, भरून आलेला.

नाव रामाचं होतं, म्हणून उत्तर दिलं.

सुभागी ताट घेऊन बाहेर आली तेव्हा रस्त्यावर धूळ उरली होती. "न जेवताच गेले? अन् कॅरियर इथंच?"

मी तिला सगळं सांगितलं. बैलाचंही सांगितलं. ती कॅरियरच्या नळीवर बसली, ताट मांडीवर घेऊन.

"देवाला बोललात तेव्हा त्याचं नाव घेतलं होतंत तुम्ही?"

"घेतलं होतं."

"म्हणजे तुम्हाला एकट्याला नाही फसवलं त्यानं."

तिनं ताट खाली गवतात ठेवलं. मग म्हणाली, "कथा होईल. तुम्ही वाचा. गाता येत नाही तर नुसतं वाचा."

डोंगराकडून ढग येत होते. कर्णा गवतात तोंड वर करून पडला होता. पाणी साठायला नको म्हणून मी तो उचलला आणि पालथा घातला.